आबांना घरी आणलं : अमळनेर तालुक्यातलं एक प्रकरण

हे प्रकरण लिहायला घरच्यांची परवानगी घेतली आहे. गावाचं, माणसांचं आणि दवाखान्याचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. मी या गावात १९९७ पासून प्रॅक्टिस करतो. आबांच्या घरातल्या चार पिढ्या मी तपासल्या आहेत. त्यामुळे हे सगळं मला तटस्थपणे सांगता येईल असं नाही, आणि तसा आवही मी आणणार नाही.

आबा म्हणजे अमळनेर तालुक्यातले तापीकाठचे शेतकरी, वय ७९. कापूस, दादर ज्वारी, थोडी केळी. रक्तदाब जुना, पण गोळ्या वेळेवर घेणारा माणूस. डिसेंबर २०२३ मध्ये कापसाची वेचणी चालू असताना सकाळी गोठ्याच्या दारात कोसळले. १०८ आली, आणि दुपारपर्यंत ते जळगावला एका खासगी दवाखान्याच्या आयसीयूत होते. स्कॅनमध्ये मेंदूत मोठा रक्तस्राव, रक्त मेंदूच्या पोकळ्यांमध्येही उतरलेलं. ऑपरेशनचा उपयोग नाही असं न्यूरोसर्जनने त्याच दिवशी सांगितलं. संध्याकाळी व्हेंटिलेटर लागला.

घरात दोन मुलं आणि एक मुलगी. थोरला, ज्याला सगळे दादा म्हणतात, शेती बघतो. धाकटा नाना नाशिकला कंपनीत. ताई शिरपूरला दिलेली. आबांची धाकटी बहीण विधवा झाल्यापासून माहेरीच असते. ती आता ७४ वर्षांची आहे आणि लहानमोठे सगळेच तिला फुई, म्हणजे आत्या, म्हणतात. दादाचा मुलगा २१ वर्षांचा, धुळ्याला अ‍ॅग्रीला शिकतो.

सहाव्या दिवशी झोपेची औषधं बंद करून पाहिली. आबांनी डोळे उघडले नाहीत. चिमटा घेतला तर हात किंचित आखडायचा, एवढंच. स्वतःचा श्वास होता, पण तुटक, पुरेसा नाही. म्हणजे ते ‘ब्रेन डेड’ नव्हते. हा फरक घरच्यांना समजावताना माझी खूप दमछाक झाली. मेंदूचं देठ पूर्ण मेलं की चार डॉक्टर सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून तसं लिहून देतात, ते १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार. आबांचं तसं नव्हतं. ते कायद्याने, वैद्यकाने, सर्वार्थाने जिवंत होते. फक्त आबा म्हणून परत येणार नव्हते. आठव्या दिवशी दवाखान्यातून सांगण्यात आलं की गळ्याला छिद्र पाडून नळी टाकावी लागेल, त्यानंतर असे किती महिने राहतील ते सांगता येणार नाही.

आबा काय म्हणून गेले होते

एप्रिल २०२१ मध्ये आबांची बायको कोविडने गेली. अकरा दिवस आयसीयूत. शेवटची भेट नाही, चेहरा नाही, घरी आणणं नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी लांबून दाखवलं आणि संपलं. त्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी ओट्यावर मी, दादा, फुई बसलेलो असताना आबा म्हणाले, “माले घर लई चालज्यात. मना आंगले नळ्या नका लावज्यात.” घरी घेऊन चला, माझ्या अंगाला नळ्या लावू नका. त्यांनी दोनदा सांगितलं. दादाने मान डोलावली. कागद कोणी केला नाही. असा कागद करता येतो हे तेव्हा मला माहीत होतं, आणि मी गप्प बसलो. बायकोला जाऊन दोन महिने झालेल्या माणसासमोर मरणाचे कागद काढायला माझी जीभ रेटली नाही. या प्रकरणातली पहिली चूक माझी आहे.

नाना त्या संध्याकाळी ओट्यावर नव्हता.

नवव्या दिवशी आयसीयूबाहेरच्या बाकावर दोघा भावांचं वाजलं. दादा म्हणाला, आबांचा शब्द आहे, घरी न्यायचं. नाना म्हणाला, “आईला मी वाचवू शकलो नाही. आबांचा श्वास चालू आहे आणि तू मला तो थांबवायला सांगतोस?” ताई रडत होती, पण तिने एक गोष्ट बोलून दाखवली जी असल्या वेळी कोणीच बोलत नाही : दिवसाला पंचवीस हजार जातायत, दादाने सोनं ठेवलंय, आणि म्हणून आपण हा विचार करतोय की आबांसाठी करतोय हे मला कळत नाही. मला तिचं ते वाक्य फार मोलाचं वाटतं. पैशाचा भाग नाही असं म्हणणारं घर मी तरी पाहिलेलं नाही. तो भाग आहे हे उघड म्हटलं तरच बाकीचं नीट बोलता येतं.

तीन पिढ्या, एकच कृती

इथे थोडं मागे जावं लागेल, कारण भावांचं भांडण केवळ त्यांचं नव्हतं.

फुई सांगते, त्यांचे वडील १९७४ साली गेले. दुष्काळातून नुकतं गाव सावरलेलं. म्हातारा महिनाभर अंथरुणाला खिळलेला, एके दिवशी म्हणाला आता भाकर नको. तीन दिवसांनी पाणीही नको म्हणाला. कोणी आग्रह केला नाही. खाली घेतलं, तुळस-पाणी दिलं, रात्रभर भजन झालं, पहाटे गेले. “कोनी काय बी म्हनं नही,” फुई म्हणते. त्याला ना इच्छामरण म्हटलं गेलं, ना हेळसांड. गावाच्या भाषेत त्याला एकच शब्द होता : सुटले.

मी आलो तेव्हाही साधारण हेच चित्र होतं. रात्री-बेरात्री मला बोलवायचे ते बरं करायला नाही. घरचा कर्ता म्हणायचा, “डॉक्टरसाहेब, टाइम कितला शे ते सांगा, पाव्हन्यास्ले कळाडनं शे.” किती वेळ आहे सांगा, पाहुण्यांना कळवायचंय. मी नाडी धरून अंदाज सांगायचो. म्हाताऱ्या माणसाला शेवटच्या दिवसांत जळगाव-धुळ्याला नेणं म्हणजे त्याचे हाल करणं, असाच समज होता.

मग तो समज उलटला, आणि तो उलटताना मी जवळून पाहिला. कोणी प्रवचन देऊन उलटवला नाही. रस्ता डांबरी झाला. तालुक्याच्या गावी फिजिशियन आले, जिल्ह्याच्या गावी आयसीयू आली. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत आपलं धुळे होतं, २०१३ मध्ये ती राज्यभर झाली. २०१४ मध्ये १०८ च्या गाड्या आल्या. यातून कितीतरी जीव वाचले. हार्ट अटॅकचे, सर्पदंशाचे, बाळंतिणींचे. मी स्वतः कितीतरी जणांना गाडीत घालून पाठवलं आणि ते चालत परत आले. पण नेणं शक्य झालं तसं नेणं कर्तव्य झालं, आणि कर्तव्य झालं तसं न नेणं पाप झालं. २००९ मध्ये आमच्या गावात एका घराने कॅन्सर झालेल्या ८० वर्षांच्या वडिलांना घरीच ठेवलं. फार छान सेवा केली त्यांनी, मी रोज जात होतो. दहाव्याच्या दिवशी नदीवर, पिंड कावळ्याला ठेवलेला असताना, मागच्या रांगेतून कोणीतरी बोललं, “बापावरना पैसा वाचाडा.” बापावरचा पैसा वाचवला. त्या मुलाने ते ऐकलं. तो आजही त्या माणसाच्या घरी पाणी पीत नाही.

१९७४ मध्ये जे पुत्राचं कर्तव्य होतं, तेच ३५ वर्षांत पुत्राची बेइमानी ठरलं. कृती तीच. बापाला घरात, खाली, माणसांत मरू देणं.

नानाच्या मनात २००९ चं गाव बोलत होतं आणि दादाच्या मनात १९७४ चं. दोघेही आबांवर जीव टाकणारे.

कायद्याची वाट

कायदाही या काळात एका जागी उभा नव्हता. १८६० च्या दंड विधानातलं कलम ३०९ आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगायचं. मुंबईच्या एका पोलिस शिपायाच्या खटल्यात १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटलं. १९९६ मध्ये त्याच न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ते फिरवलं. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, असं ते म्हणाले, पण आयुष्य नैसर्गिकरीत्या संपत आलेलं असताना सन्मानाने मरणं ही वेगळी गोष्ट आहे, अशी एक फट त्यांनी उघडी ठेवली. २०१५ मध्ये तर जैन समाजाचा संथारा, म्हणजे अन्नपाणी सोडून मरण स्वीकारण्याचं व्रत, १० ऑगस्टला राजस्थानात गुन्हा ठरला आणि ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. तीन आठवड्यांत एका व्रताचा गुन्हा झाला आणि तो पुन्हा व्रताच्या जागी आला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३०९ जसंच्या तसं उरलेलंच नाही.

आबा स्वतः विनोबांचं उदाहरण द्यायचे. खान्देशाला विनोबा परके नाहीत. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी गीता सांगितली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. तेच विनोबा नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला, वयाच्या ८७ व्या वर्षी, हृदयविकाराचा झटका आल्यावर अन्न आणि औषध नाकारून १५ तारखेला गेले. कलम ३०९ तेव्हा पूर्ण जोरात होतं. त्यांच्यावर खटला भरावा असं कोणाला वाटलं नाही. लोकांच्या मनातली नीती आणि पुस्तकातली नीती वेगवेगळ्या चालीने चालतात, त्याचा याहून जवळचा पुरावा मला माहीत नाही.

नानाच्या बाजूने मला आठवतं ते अरुणा शानबाग यांचं प्रकरण. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात, जिथे त्या परिचारिका होत्या, हल्ला झाल्यावर त्या शुद्धीवर आल्याच नाहीत. त्यांचं अन्न थांबवण्याची मागणी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुनावणीला आली तेव्हा सगळ्यात ठाम विरोध केला तो केईएमच्या परिचारिकांनी. ज्या तरुण परिचारिकांनी अरुणाताईंना कधी बोलताना पाहिलं नव्हतं त्यासुद्धा त्यांना भरवत होत्या, पुसत होत्या. इतकी वर्षं अंथरुणात राहूनही त्यांच्या अंगाला जखम होऊ दिली नाही. न्यायालयाने त्या परिचारिकांचा शब्द राखला, मागणी फेटाळली, पण त्याच निकालात इतरांसाठी जीवनरक्षक उपचार थांबवण्याची वाट मोकळी केली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्या गेल्या. ‘श्वास आहे तोवर माझा आहे’ असं म्हणणारा नाना त्या परिचारिकांच्या रांगेतला आहे. त्याला कोणी अडाणी म्हणू नये.

९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि आगाऊ इच्छापत्राला, ज्याला सगळे लिव्हिंग विल म्हणतात, मान्यता दिली. ती प्रक्रिया इतकी किचकट होती की वापरणं कठीण. २४ जानेवारी २०२३ ला ती सोपी केली. इच्छापत्र दोन साक्षीदारांसमोर करायचं, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करायचं. वेळ आली की दवाखाना आधी एक मंडळ नेमतो : उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभव असलेले दोन तज्ज्ञ. मग दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेला एक डॉक्टर आणि दोन नवे तज्ज्ञ. प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. अंमल करण्याआधी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला कळवायचं. इच्छापत्र नसेल तरीही, जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने, हीच वाट खुली आहे.

ही दोन मंडळं म्हणजे सरकारी खोळंबा असं अनेकांना वाटतं. मला तसं वाटत नाही. याच जळगाव जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या, त्याआधी दहा वर्षांपूर्वी ८८०. सोनोग्राफीचं यंत्र हाती आल्यावर आपण कोणाला नको म्हटलं हे या आकड्यात आहे. उद्या उपचार थांबवणं नुसत्या सहीवर आलं, तर पहिली सही कोणाच्या नावापुढे होईल? जमीन नावावर असलेल्या, मागे कोणी नसलेल्या म्हातारीच्या. तेव्हा मंडळ हवंच. फक्त ते कागदावरून उठून खाटेपाशी यायला हवं.

आमच्या बाबतीत ते आलं नाही. दादाने माझ्या सांगण्यावरून लेखी अर्ज दिला. आयसीयूच्या डॉक्टरांना निकाल माहीत होता, त्यांची तयारीही होती. पण दवाखान्यात हे आधी कधी झालेलं नव्हतं. व्यवस्थापनाचं म्हणणं, पुढे पोलिसांची भानगड झाली तर? दुसऱ्या मंडळासाठी नाव कोणाकडून आणायचं यात चार दिवस गेले. तेराव्या दिवशी कोणीतरी दादाला बाजूला घेऊन हळूच तेच सांगितलं जे सगळीकडे सांगितलं जातं : “तुम्ही डामा घ्या ना.”

डामा म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेणं. हा इंग्रजी आद्याक्षरांचा शब्द आमच्याकडे आता शेतमजुरालाही कळतो. ‘डामा करून आणलं’ म्हटलं की गाव लाकडं बघायला लागतं. २०१८ च्या निकालाने आखलेली वाट ही नव्हे. यात मंडळ नाही, वेदना कमी करण्याची सोय नाही, डॉक्टरची जबाबदारी नाही. जे डॉक्टर दवाखान्यात व्हेंटिलेटर काढायला धजत नाहीत, तेच काम नातेवाइकांनी गावाकडे जाऊन करायचं, असा त्याचा सरळ अर्थ आहे. नानाने सही केली. रडत केली, पण त्यानेच केली. ताईने त्याला एवढंच विचारलं होतं की आबांनी ओट्यावर काय सांगितलं ते दादा खोटं सांगेल का.

पिशवी

अंबू बॅग बहुतेकांनी पाहिली असेल. नारळाएवढी रबरी पिशवी, घशातल्या नळीला जोडायची आणि हाताने दाबायची. दाबली की हवा आत. मिनिटाला बारा वेळा. गाडीतल्या अटेंडंटने नातवाला दोन मिनिटांत शिकवलं आणि पिशवी त्याच्या हातात दिली, कारण बाकीच्यांचे हात थरथरत होते. जळगाव ते आमचं गाव, वाटेत एका फाटकावर थांबून, पावणेदोन तास. दादाने गाडीतून फोन केला होता, मी घरी जाऊन थांबलो होतो.

बैठकीत फरशीवर गोमूत्र शिंपडून घोंगडी अंथरलेली. आबांना खाली घेतलं. गाडीवाला सिलिंडर काढून घेऊन गेला. पोरगा गुडघ्यांवर बसून पिशवी दाबतच होता. अंगठ्याच्या मुळाशी कातडी सोलून लाल झालेली. मी नाडी धरली होती. बैठकीत वीस-पंचवीस माणसं, आणि कोणी काही बोलेना. दादा भिंतीकडे बघत होता. नाना पायांशी. मीही बोललो नाही. २६ वर्षं डॉक्टरकी करून ‘आता थांब’ एवढे दोन शब्द माझ्याकडे नव्हते, कारण ते म्हटल्यावर मी कोण ठरतो हे मला कळत नव्हतं. पोराने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्याने पुन्हा दाबलं.

फुई आतून तांब्या घेऊन आली. पोराच्या शेजारी बसली. त्याच्या मनगटावर हात ठेवून म्हणाली, “बस कर भाऊ. आते जाऊ दे त्यास्ले.”

त्याने पिशवी सोडली. फुईने ती उचलून पदराखाली घेतली, कोणाला दिसू नये म्हणून. मग तुळशीचं पान पाण्यात बुडवून आबांच्या ओठांना लावलं, नळीच्या कडेने. आबांचा स्वतःचा श्वास बावीस मिनिटं चालला. एकेक, लांब, मग आणखी लांब. नानाने त्यांचे पाय मांडीवर घेतले होते. दाखल्यावर मी मेंदूतला रक्तस्राव लिहिलं, आणि ते खरं आहे.

त्यानंतर

दारावर येणारी माणसं काय बोलतात याकडे या वेळी मी कान देऊन होतो. “घर का लई उनात?”, घरी का घेऊन आलात, असं विचारणारे दोघे-तिघेच. बाकी सगळे म्हणत होते, बरं केलं, हाल वाचले. २००९ मध्ये नदीवर बोलणारा माणूसही गंधमुक्तीच्या विधीला आला होता. तो काहीच बोलला नाही. कोविडमध्ये प्रत्येक घराने एकतरी माणूस न पाहता जाळलं आहे, आणि गाव त्यानंतर पुन्हा बदललं आहे असं मला वाटतं. घरी मरणं ही पुन्हा एकदा नशिबाची गोष्ट झाली आहे.

पोरगा मात्र बरा नव्हता. फेब्रुवारीत तो दवाखान्यात आला, अंगठा दुखतो म्हणून. अंगठ्याला काही झालं नव्हतं. त्याने विचारलं, “डॉक्टरकाका, मी सोडली म्हणून आबा गेले का?” मी त्याला स्कॅन पुन्हा दाखवला, रक्त कुठे कसं पसरलं ते दाखवलं, रक्तस्रावाने गेले म्हणून सांगितलं. त्याने मान हलवली. पण ज्या प्रश्नाचं उत्तर सहा डॉक्टरांनी सह्या करून वाटून घ्यायचं म्हणून न्यायालयाने एवढी मंडळं आखली, तो प्रश्न एका एकवीस वर्षांच्या मुलाच्या हातात ठेवला गेला. भावांपैकी चूक कोणीच नव्हतं. चूक ही होती, आणि ती माझ्यासकट सगळ्या मोठ्या माणसांची होती. आता तो महिन्यातून एकदा जळगावला मानसोपचारतज्ज्ञाकडे जातो.

राज्य सरकारने २०२४ मध्ये ही इच्छापत्रं जपून ठेवण्यासाठी स्थानिक संस्थांमध्ये अधिकारी नेमले. त्यानंतर मी छापील नमुने आणून टेबलाच्या खणात ठेवले. ओट्यावर गप्प बसण्याची चूक पुन्हा करायची नाही, म्हणून आता साठीच्या पुढचा पेशंट रक्तदाब तपासायला आला की मी स्वतःहून विषय काढतो. काही जण चिडतात. एक आजोबा दोन महिने आलेच नाहीत.

सगळ्यात आधी आली ती फुई, नानाला घेऊन. निर्णय घेणारी माणसं म्हणून तिने दोन नावं सांगितली, नाना आणि ताई. दादाचं नाही घातलं, कारण त्याने एकदा ओझं उचललंय असं ती म्हणाली. मी नमुना वाचून दाखवला, व्हेंटिलेटर, नळीने अन्न, सगळं. ती प्रत्येकाला ‘नको’ म्हणत गेली. शेवटी म्हणाली, आणखी एक लिहा. मी म्हटलं, यात जागा आहे, सांग. नोटरीकडे नेण्याआधी मी ते तिच्याच शब्दांत लिहिलं, खाली प्रमाण मराठीत पुन्हा लिहिलं, आणि तिने त्यापुढे सही केली :

“मला घरी आणायचं झालं तर ती पिशवी पोराच्या हातात देऊ नका.”